चौकोन, बाण आणि सहा गठ्ठे

ठाणे स्टेशनवर संध्याकाळी सातच्या गर्दीत उभं राहून इंडिकेटर वाचणं ही एक विद्या आहे. एन म्हणजे कसारा, टीएल म्हणजे टिटवाळा, बीएल म्हणजे बदलापूर, डीएल म्हणजे आपली डोंबिवली. आणि एस म्हणजे कर्जत. कर्जतमध्ये एस कुठून आला ते विचारू नका. गंमत अशी की शेजारच्या खान्यात स्लो गाडीसाठीही एसच असतो. म्हणजे डावीकडे एस आणि उजवीकडे एफ असेल तर ती कर्जत फास्ट, डावीकडे के आणि उजवीकडे एस असेल तर कल्याण स्लो. अक्षर तेच, जागा बदलली की अर्थ बदलला. आमच्या ऑफिसात नागपूरहून नवीन आलेला एक मुलगा पहिल्याच आठवड्यात 'एस' बघून स्लो समजून चढला. त्याला मुंब्र्याला उतरायचं होतं. मुंब्रा डोळ्यांसमोरून गेलं आणि स्वारी डोंबिवलीला पोचली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला वैतागून विचारलं, "सर, हे कुठे लिहिलेलं असतं?" कुठेच नाही. जो रोज गाडी पकडतो त्याला ठाऊक असतं. त्याच्या प्रश्नावर मी हसलो खरा, पण माझं पोट ज्या धंद्यावर चालतं तिथेही हीच बोंब आहे, आणि तिची किंमत चुकलेल्या गाडीपेक्षा बरीच जास्त असते. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. आज शनिवार मोकळा आहे, तर लिहून टाकतो.

मी 'बिझनेस प्रोसेस' नावाच्या प्रकरणात गेली बरीच वर्षं आहे. नावात बिझनेस असला तरी धंद्याशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. घरपट्टीच्या बिलावर वडिलांच्या जागी आईचं नाव लावायचंय, एवढं साधं काम घ्या. अर्ज येतो, त्याला आवक क्रमांक पडतो, कोणीतरी कागद तपासतं, कोणीतरी थकबाकी बघतं, एखादा निरीक्षक जागेवर जाऊन येतो, हरकती मागवायची नोटीस निघते, ठरलेले दिवस थांबायचं, मग साहेबांची सही आणि मग नोंद. ही झाली प्रक्रिया. ती कागदावर चौकोन आणि बाण काढून मांडली की झालं तिचं मॉडेल. चौकोन म्हणजे काम, बाण म्हणजे पुढे कुठे जायचं, मधला तिरका चौकोन म्हणजे 'कागद पूर्ण आहेत का?' असा फाटा. आता प्रश्न असा की मी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं हे चित्र तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का? आणि उघडलं तर त्याचा अर्थ तोच राहील का? प्रमाणीकरण म्हणतात ते एवढंच. पण या 'एवढंच'पायी उद्योगाने वीसेक वर्षं घालवली.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. १९९३ साली वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअलिशन नावाची संस्था निघाली. प्रक्रियेची व्याख्या एका साधनातून दुसऱ्यात नेता यावी यासाठी तिने २००२ मध्ये एक्सपीडीएल ही एक्सएमएलवर आधारलेली भाषा आणली. त्याच वर्षी आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए यांनी मिळून बीपीईएल आणली. त्याआधी आयबीएमची एक वेगळी भाषा होती, मायक्रोसॉफ्टची एक वेगळी होती, त्या दोघींचं लग्न लावून ही जन्माला आली. बीपीईएल चालवायला उत्तम, पण तिच्यात माणूसच नव्हता! एका सर्व्हिसने दुसरीला हाक मारायची, दुसरीने तिसरीला. 'हा अर्ज जोशीबाईंच्या टेबलावर ठेवा' हे सांगायची सोयच नाही. मग २००५ मध्ये आयबीएम आणि सॅप यांनी माणसांसाठी वेगळी पुरवणी सुचवली. तिसरीकडे २००४ मध्ये बीपीएमएन १.० आलं. ही चित्रलिपी. गोल, चौकोन, तिरका चौकोन, बाण. ती लोकांना आवडली, कारण इंजिनीअर नसलेल्या माणसालाही ती थोडीफार वाचता येते. २००६ मध्ये ओएमजी या संस्थेने ती आपली म्हणून स्वीकारली.

पण या चित्रलिपीला २००४ पासून पुढची जवळजवळ सात वर्षं स्वतःची फाईलच नव्हती. चित्र कसं काढायचं ते ठरलं होतं, ते साठवायचं कसं हे ठरलं नव्हतं. म्हणजे देवनागरी कशी लिहायची ते सगळ्यांना माहीत, पण युनिकोड नाही. आपल्या पिढीने शिवाजी फॉन्ट आणि कृतिदेवचे दिवस काढलेत, त्यामुळे हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. एका कॉम्प्युटरवर सुंदर मराठी, दुसऱ्यावर उघडलं की कीबोर्डवरून उंदीर पळाल्यासारखी अक्षरं. प्रोसेस मॉडेलचं हुबेहूब तेच चाललं होतं. कोणी ती एक्सपीडीएलमध्ये साठवायचं, कोणी आपापल्या खाजगी फाईलमध्ये. मध्येच २००८ मध्ये ओएमजीने बीपीडीएम नावाचं आणखी एक प्रमाण काढलं, ते फारसं कोणी वापरलं नाही. शेवटी जानेवारी २०११ मध्ये बीपीएमएन २.० आलं. त्यात चित्र, अर्थ आणि फाईल अशा तिन्ही गोष्टी एकत्र. २०१३ मध्ये ते आयएसओचं प्रमाणही झालं. पाचशेहून जास्त पानांचा ग्रंथ आहे. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचलेला नाही, आणि वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय :)

मग झालं ना काम? आम्हालाही तसंच वाटलं होतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका लांबच्या नगरपरिषदेचं काम आलं. गाव सांगत नाही. त्यांच्या जुन्या कंत्राटदाराची मुदत संपली होती आणि नागरी सेवांच्या प्रक्रिया जुन्या सॉफ्टवेअरमधून आमच्याकडे आणायच्या होत्या. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'बीपीएमएन एक्स्पोर्ट' असं बटण होतं. आमच्यात 'बीपीएमएन इम्पोर्ट' असं बटण होतं. मीटिंगमध्ये मीच छाती पुढे काढून म्हणालो, आठ दिवसांत करून देतो. बटण दाबलं, फाईल आली, उघडली, चित्र जसंच्या तसं. चौकोन तेवढेच, बाण तेवढेच. दोन-तीन अर्ज चालवून बघितले, ते शेवटपर्यंत गेले. सही झाली, चहा झाला, आम्ही वागळे इस्टेटला परत.

त्या प्रक्रियेत निरीक्षकाच्या चौकोनाच्या कडेला एक घड्याळ होतं. सात दिवसांत पाहणी झाली नाही तर निरीक्षकाला स्मरणपत्र जावं एवढंच त्याचं काम. बीपीएमएनमध्ये अशी दोन घड्याळं असतात. एकाचं वर्तुळ सलग रेषेचं, ते वाजलं की चालू काम थांबतं आणि रद्द होतं. दुसऱ्याचं वर्तुळ तुटक रेषेचं, ते वाजतं पण काम चालूच राहतं. स्मरणपत्राला अर्थातच दुसरं हवं. हे तुटक वर्तुळवालं घड्याळ २.० मध्येच आलं, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते नव्हतंच. फाईलमध्ये या दोघांतला फरक एका शब्दाचा आहे. 'कॅन्सल अ‍ॅक्टिव्हिटी' नावाचा एक गुणधर्म, त्याची किंमत 'फॉल्स' लिहिली की तुटक. आणि काहीच लिहिलं नाही तर? प्रमाण सांगतं की काहीच लिहिलं नसेल तर 'ट्रू' धरा. जुन्या सॉफ्टवेअरने फाईल काढताना तो गुणधर्म लिहिलाच नव्हता, त्यांच्या आतल्या टेबलमध्ये तो कुठेतरी वेगळ्या कप्प्यात होता. आमच्या सॉफ्टवेअरने प्रमाणाप्रमाणे 'ट्रू' धरलं. माझ्या तपासणीच्या अर्जांत निरीक्षक मीच होतो, आणि मी दोन मिनिटांत पाहणी 'पूर्ण' केली होती. सात दिवस कोण थांबतंय!

खऱ्या निरीक्षकाला मात्र सात दिवस पुरत नव्हते. आठव्या दिवशी घड्याळ वाजायचं, स्मरणपत्र जायचं, आणि पाहणीचं काम त्याच्या यादीतून गुपचूप पुसलं जायचं. स्मरणपत्र पाठवलं की त्या फाट्यावर पुढे काहीच नव्हतं, तिथे प्रक्रिया संपायची. सिस्टिमच्या दृष्टीने अर्ज 'पूर्ण'. ना मंजूर, ना नामंजूर, नुसता पूर्ण. डॅशबोर्डवर प्रलंबित अर्जांचा आकडा झपाझप खाली येत होता, आणि मुख्याधिकाऱ्यांनी आमचं कौतुक केलं होतं. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

लक्षात कोणी आणून दिलं? तिथे एक जुने वरिष्ठ लिपिक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. नवरा वारल्यावर घरपट्टीवर नाव लावायला आलेली एक बाई चौथ्यांदा काउंटरवर आली. बँकेला तिच्या नावाचा उतारा हवा होता. स्क्रीनवर 'पूर्ण' दिसत होतं आणि नोंदीत नाव नवऱ्याचंच. काउंटरवरचा मुलगा तिला सांगत होता की मावशी, तुमचं काम झालंय. अण्णांनी कपाटातून आपली लांबट वही काढली. सॉफ्टवेअर आल्यावर हाताने नोंदी ठेवू नका असा लेखी आदेश होता, तरी हे गृहस्थ ठेवत होते. वहीत तिच्या अर्जासमोरचा 'पाहणी' रकाना कोरा होता. त्यांनी मागची पानं चाळली. असे चाळीसेक अर्ज निघाले.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेलो. अण्णा रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "अहो इंजिनीअर, तुमच्या यंत्रात प्रतीक्षाधीनचा गठ्ठा कुठला ते दाखवा बघू." मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी चहा मागवला आणि मला सहा गठ्ठे समजावून सांगितले.

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत ज्यांचे नातेवाईक नोकरीला होते त्यांना हे माहीत असेल, मला नव्हतं. अण्णांचे वडील तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते, त्यांच्याकडून हे शिकले. लिपिकाच्या टेबलावरचं, कपाटातलं सगळं दप्तर सहा गठ्ठ्यांत बांधलेलं असलं पाहिजे. एक, ज्यावर आत्ता कार्यवाही करायची ती प्रकरणं. दोन, प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पुढे काही विचारलंय आणि उत्तराची वाट बघतोय. तीन, नियतकालिकं, म्हणजे दर महिन्याला, दर तिमाहीला पाठवायचे तक्ते. चार, स्थायी आदेश. पाच, काम संपलेली आणि अभिलेख कक्षात पाठवायची. सहा, मुदत संपली म्हणून नष्ट करायची. लिपिकाची बदली झाली आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस त्या खुर्चीवर बसला तर त्याने फक्त गठ्ठे बघायचे. कुठलं प्रकरण कुठे अडलंय ते त्याला जुन्या माणसाला फोन न करता कळलं पाहिजे.

मी चहा प्यायचा विसरलो. ही चालू अवस्थेची देवाणघेवाण होती! आम्ही ज्याला प्रोसेस इन्स्टन्स, स्टेट, मायग्रेशन वगैरे म्हणतो ते सगळं लाल फडक्यात बांधून ठेवलेलं. आणि यात एक गोष्ट अशी होती जी माझ्या फाईलमध्ये नव्हती. 'संपलं' आणि 'वाट बघतोय' हे दोन वेगळे गठ्ठे असलेच पाहिजेत असा तिथे दंडक होता. दुसऱ्यातलं कागद उचलून पाचव्यात टाकायचं तर कोणालातरी हात हलवावा लागतो. माझ्याकडे तो हात एका न लिहिलेल्या शब्दाने हलवला होता.

आता कोणी म्हणेल, हा तुमचा बग झाला, प्रमाणाचा काय दोष? बरोबर आहे. पण त्या दिवसापासून मी प्रमाणाच्या आत काय आहे आणि बाहेर काय आहे हे जरा नीट वाचायला लागलो. बीपीएमएनचा तो ग्रंथ सुरुवातीलाच सांगून टाकतो की संस्थेची रचना, पदं, माणसं यांचं मॉडेल आमच्या कक्षेत नाही. पालिकेच्या कामात तर 'कोण' हाच जीव असतो. आपल्या कल्याण-डोंबिवलीत प्रभागांना अक्षरं आहेत, 'फ' प्रभाग, 'ग' प्रभाग, 'ह' प्रभाग. शेजारी ठाण्यात प्रभाग समित्यांना नावं आहेत, वागळे, मुंब्रा, दिवा. काम साधारण तेच, पण कुठल्या कागदावर कुणाची सही चालते हे चौकोनात मावत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर ते आपापल्या खाजगी पुरवणीत लिहितं. फाट्यावरच्या अटींचंही तेच. 'थकबाकी शून्य असेल तर' हे वाक्य कुठल्या भाषेत लिहायचं ते प्रमाणाने मोकळं ठेवलंय. तसं काहीच सांगितलं नाही तर एक्सपाथ धरा म्हणतात, पण प्रत्यक्षात जो तो आपली भाषा वापरतो. म्हणजे फाईल उघडते, चित्र दिसतं, आणि नेमक्या 'कोण' आणि 'केव्हा' या दोन जागा रिकाम्या. इंडिकेटरवर अक्षरं लागलीत, पण डावा एस कुठला आणि उजवा कुठला ते सांगायला माणूसच लागतो.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्या घराशेजारी बघा. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ ची. सत्तावीस गावांचा घोळ इथल्या कोणालाही तोंडपाठ असतो. पिसवली, गोळवली, दावडी, निळजे वगैरे. ही गावं पालिकेत होती, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये परत घेतली. २०२० मध्ये त्यातली अठरा पुन्हा बाहेर काढायची अधिसूचना निघाली, ती त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. राजकारणात मला पडायचं नाही, दोन्ही बाजूंचे लोक माझ्या सोसायटीत राहतात. मी फक्त कागदाचं बघतोय. ग्रामपंचायतीत घराची नोंद नमुना ८ मध्ये. तिथे नाव बदलायचं तर प्रकरण मासिक सभेपुढे जाणार, ठराव होणार. पालिकेत मालमत्ता क्रमांक, करयोग्य मूल्य, प्रभाग, आणि सभेचा संबंधच नाही, अधिकाऱ्याची सही. ज्या दिवशी गाव पालिकेत आलं त्या दिवशी ज्याचा अर्ज मासिक सभेची वाट बघत होता त्याचं काय? त्याचा चौकोन नव्या चित्रात आहेच कुठे?

नमुना ८ चा डेटा नेता येतो, कारण नमुना ८ राज्यभर एकच आहे. सातबारा तर त्याहून पक्का. टिटवाळ्याचा सातबारा कोल्हापूरच्या वकिलाला वाचता येतो, कारण गाव नमुन्यांचे रकाने नियमाने ठरलेत, आणि तलाठी बदलला म्हणून रकाने बदलत नाहीत. नोंदीचं प्रमाणीकरण आपल्याकडे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी झालं आणि उत्तम झालं. मात्र नोंद बदलायची वाट कशी आहे ती कायद्याच्या गद्यात राहिली. फेरफार नोंदवायचा, नोटीस द्यायची, हरकतीची मुदत बघायची, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं. गद्यात होती तोवर ती कोणाही शिकलेल्या माणसाला वाचता येत होती. सॉफ्टवेअर आलं आणि ती वाट कोणाच्यातरी कोडमध्ये गेली.

कल्याण-डोंबिवलीचंच उदाहरण घ्या. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकीकरणात ही पालिका देशात पुढे होती, हे इथल्या खड्ड्यांवर चिडणाऱ्या माणसानेही मान्य करायला हवं. नागरी सुविधा केंद्र, एका खिडकीवर दाखले, कर भरणा. आणि हाच नमुना राज्य सरकारने पुढे इतर पालिकांमध्ये न्यायचं ठरवलं. मला याचं आजही कौतुक आहे. पण यात एक गोष्ट घडते, ती इथलीच असं नाही, असा 'नमुना' जिथे जिथे नेला जातो तिथे घडते. आपण सॉफ्टवेअर नेतो आणि त्याच्या पोटात प्रक्रिया नकळत जाते. मी बघितलेल्या एका छोट्या नगरपरिषदेत एकच लिपिक तीन लॉगिन वापरत होता. स्वतःच अर्ज पुढे पाठवायचा, स्वतःच दुसऱ्या लॉगिनने स्वीकारायचा, तिसऱ्याने शिफारस करायची. मोठ्या शहराची सहा पायऱ्यांची प्रक्रिया त्या बिचाऱ्याच्या अंगावर मोठ्या भावाच्या शर्टासारखी लोंबत होती.

म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात, ज्यांची लोक कायम गल्लत करतात. सगळीकडे एकच प्रक्रिया असावी, ही एक मागणी. प्रक्रिया कशीही असो, ती लिहायची रीत एक असावी, ही वेगळी मागणी. पहिलीला माझा विरोध आहे. बदलापूरला जे लागतं ते ठाण्याला लागेलच असं नाही. दुसरीसाठी मात्र मी भांडायला तयार आहे.

माझा एक मित्र, माझ्यापेक्षा हुशार प्रोग्रॅमर, म्हणतो की हे सगळं झूट आहे. "कोड हीच प्रक्रिया. चित्रं साहेबांना दाखवायला. सोर्स कोड ताब्यात घे, विषय संपला." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी अशी कित्येक चित्रं बघितलीत जी टेंडरच्या फाईलमध्ये जन्मली आणि तिथेच वारली. पण तो कोड अण्णांना वाचता येत नाही. चूक त्यांच्या वहीने पकडली, माझ्या कोड रिव्ह्यूने नाही. कोड ताब्यात असलेली पालिकासुद्धा तो वाचायला पुन्हा त्याच कंत्राटदाराला बोलावते, हेही मी बघितलंय. आणि २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आल्यापासून हा फक्त आम्हा इंजिनीअर लोकांचा खेळ राहिलेला नाही. अधिसूचित सेवेला किती दिवस, पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं अपील कोणाकडे, दुसरं कोणाकडे, हे कार्यालयाने जाहीर करायचं असतं. म्हणजे 'कोण' आणि 'केव्हा', नेमक्या ज्या जागा आमच्या फाईलमध्ये रिकाम्या राहतात. ते घड्याळ नागरिकाच्या हक्काचं आहे. ते सलग की तुटक हे एका एक्स्पोर्ट बटणाने ठरवू नये.

मग करायचं काय? मी फार मोठं काही मागत नाही. कंत्राटात 'बीपीएमएन सुसंगत' असे दोन शब्द घालून काही होत नाही, तसे आम्हीही होतो. ओएमजीच्या छत्राखाली एक गट गेली काही वर्षं एक साधी गोष्ट करतोय. ठरावीक नमुना चित्रं घ्यायची, एका साधनात काढायची, दुसऱ्यात उघडायची, पुन्हा बाहेर काढायची आणि मूळ चित्राशी ताडून बघायची. काय हरवलं त्याची यादी करायची. हेच पालिकेने आपल्या पाच-सहा खऱ्या प्रक्रियांवर करावं. सॉफ्टवेअर स्वीकारायच्या दिवशी कंत्राटदाराने फाईल काढून द्यावी, ती फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही साधनात उघडावी, आणि प्रत्येक घड्याळापाशी, प्रत्येक फाट्यापाशी थांबून ते काम रोज करणाऱ्या लिपिकाने ते मोठ्याने वाचून दाखवावं. त्याला वाचता आलं नाही तर सही नाही. आणि पदांचा, दिवसांचा तक्ता फाईलसोबत साध्या मराठीत जोडलेला असावा. अर्धा दिवस जातो. आमच्या धंद्यातले लोक चिडतील, मीही एकेकाळी चिडलो असतो.

त्या नगरपरिषदेत आम्ही ते चाळीसेक अर्ज परत निरीक्षकाच्या यादीत आणले, तारखा अण्णांच्या वहीतून घेतल्या. त्या बाईचं नाव पुढच्या दोन आठवड्यांत लागलं, बँकेचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. स्क्रीनवर 'प्रतीक्षाधीन' असा वेगळा रकाना टाकला, तो मुख्याधिकाऱ्यांना आवडला नाही, कारण प्रलंबितचा आकडा पुन्हा वर गेला. अण्णा गेल्या वर्षी निवृत्त झाले.

आज सकाळी हे लिहायला बसण्याआधी ती जुनी प्रक्रिया मी हाताने दुरुस्त करून, 'फॉल्स' स्पष्ट लिहून, तीन वेगवेगळ्या साधनांत उघडून बघितली. दोघांत तुटक वर्तुळ तुटकच राहिलं. तिसऱ्यातून परत बाहेर काढली तेव्हा ते सलग होऊन आलं. तक्रार टाकली आहे, अजून उत्तर नाही.